पाऊस चालू, सीझन बंद

२०२४चा ऑगस्ट संपत आला होता. गणपती दहा दिवसांवर. पुण्यात पावसाने धरलेलं, आणि माझ्या रेनकोटची चेन नेमकी त्याच दिवशी स्कूटरवर गळ्यापासून पोटापर्यंत उसवली. ऑफिस सुटल्यावर तसाच निथळत पेठेतल्या नेहमीच्या कापड दुकानात शिरलो. जूनमध्ये जिथे रेनकोट टांगलेले असतात, तिथे जरीच्या काठाचे कुर्ते आणि लहान मुलांची शिवलेली धोतरं लटकत होती. रेनकोट म्हटल्यावर शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुढीपाडव्याला आकाशकंदील मागितला होता.

"साहेब, पाऊस तुमचा चालू आहे. आमचा सीझन उठला."

मग बहुधा दया आली. त्यांनी मुलाला माळ्यावर चढवलं. धुळीसकट एक पुडकं खाली आलं. साइज ४६. मी ४२चा. घातला, तर आत अजून एकाला बिऱ्हाड करता आलं असतं. बाही बोटांच्या पुढे चार इंच. "चालेल, पाऊस आत नाही येणार," शेठ म्हणाले. पैसे मात्र कमी केले, तेही न मागता. घरी येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेलाच होतो. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना हीच मंडळी रेनकोट गळ्यात मारतात, ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर बाहेर काढतात, आणि ज्या दिवशी माणूस खरोखर भिजलेला असतो त्या दिवशी 'सीझन उठला' म्हणतात.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही विषय काढा, लोक दुकानदाराच्या हावेवर बोलू लागतात. मीही बोलायचो. पण त्या संध्याकाळनंतर शेठकडे दोन-तीनदा चहाला बसलो, चार हिशेब समजून घेतले, आणि माझी तक्रार अर्धी गळून पडली. उरलेली अर्धी मात्र आणखी टोकदार झाली. माल लवकर येतो, यात दुकानदाराचा काही गुन्हा नाही. तो लवकर का नाहीसा होतो, आणि त्या नाहीसं होण्याची किंमत कोण मोजतं, हे विचारायला हवं.

आधी लवकर येण्याचं बघू. दूध रोज लागतं आणि रोज विकलं जातं. रेनकोट पावसाळ्यात रोज लागतो, पण विकत घेतला जातो एकदाच. कपडा ऋतूभर वापरला जातो, ऋतूभर विकला जात नाही. ज्याला रेनकोट घ्यायचा असतो तो पहिल्या सरीच्या आधीच्या आठवड्यात नाहीतर नंतरच्या आठवड्यात घेतो, मग पुढचे तीन महिने तो त्या दुकानाकडे फिरकत नाही. म्हणजे पावसाचा जोर जुलैत असला तरी विक्रीचा जोर मृगाच्या आगेमागेच. दुकान भरलेलं कधी असायला हवं? पाऊस जोरात असताना नव्हे, लोक खरेदीला बाहेर पडतात तेव्हा.

मृगाच्या आगेमागे म्हटलं खरं, पण मृगाचं पंचांग आणि ढगांचं पंचांग आता जुळत नाही. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मान्सून येण्याची तारीख ११ जून. २०२३ साली तो मुंबईत २५ जूनला पोचला, तोही दिल्लीबरोबर एकाच दिवशी, जे १९६१नंतर पहिल्यांदाच घडलं. दोनच वर्षांनी, २०२५ला, तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. दोन वर्षांत तब्बल महिन्याचा फरक. आता शेठच्या गादीवर बसून विचार करा. तुम्ही माल कधी भराल? २५ जूनवर विसंबून जूनच्या मध्यावर भराल, तर २६ मेच्या वर्षी गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलेलं असेल. त्यामुळे शहाणा दुकानदार लवकरात लवकरची तारीख धरतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोऱ्या बांधून मोकळा होतो. उशिरा आलेल्या पावसात माल चार आठवडे जास्त टांगलेला राहतो, एवढंच नुकसान. लवकर आलेल्या पावसात माल नसेल तर वर्ष गेलं.

यात एक गंमत आहे. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण आपल्या आजीला वाटलं नसतं. कोकणात पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना आगोट म्हणतात. आगोट म्हणजे नुसती तारीख नाही, ते एक काम आहे. लाकूडफाटा आत घ्यायचा, तांदूळ-डाळी ऊन दाखवून भरून ठेवायच्या, सुकी मासळी डब्यात बंद करायची, घर शाकारायचं. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे खारवलेले मासे, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, सोलं घेण्यासाठी झुंबड उडते; पुरुमेंत हा शब्दच मुळी तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. पावसात डोक्यावर घ्यायची इरली विणायची तीही उन्हाळ्यात, बांबूच्या कामट्या आणि पानं हाताशी असताना. भर पावसात, लावणीच्या चिखलात उभं राहून कुणी इरलं विणायला बसत नसे. घोंगडीचंही तेच. पावसाची तयारी उन्हात करायची असते, हे सांगायला कुणा दुकानदाराची गरज नव्हती. घरच तेव्हा गोदाम होतं.

नंतर घरं लहान झाली, माळे गेले, पगार महिन्याला येऊ लागला, आणि बेगमी करण्याचं काम आपण गुपचूप दुकानावर ढकललं. 'लागेल तेव्हा आणू' हा आपला नवा मंत्र. आता लागेल तेव्हा आणायचं म्हणजे तेव्हा ते कुणीतरी आधीच आणून ठेवलेलं असायला हवं. तो कुणीतरी मेमध्ये रेनकोट टांगून बसलेला दिसतो, आणि आपण त्याला हसतो.

पण शेठनंही ती बेगमी स्वतःपुरती ठेवलेली नाही. तीही मागे सरकते. मेमध्ये माल दुकानात हवा असेल तर नमुने पाहून नोंदणी उन्हाळ्यापूर्वी व्हायला हवी. त्याच्याही आधी कारखानदाराने कापड घेऊन ठेवायला हवं, त्यावर लेप चढायला हवा, रंग ठरायला हवेत, मग कटिंग, शिलाई, शिवणीवरची पट्टी, चेन, बटणं, पॅकिंग. यातला कुठलाच टप्पा 'पाऊस आला, चला करू' म्हणून होत नाही. सोलापूर शाळेच्या युनिफॉर्मसाठी ओळखलं जातं. तिथल्या कारखान्यात जूनच्या शाळेचं काम थंडीतच सुरू झालेलं असतं, आणि शाळेची घंटा वाजते तेव्हा त्यांचा हंगाम जवळपास आटोपलेला असतो. इचलकरंजी-भिवंडीच्या मागावरचं कापड तर त्याच्याही मागे. एखाद्या मुलाच्या अंगावर जूनच्या पंधरा तारखेला दिसणारा शर्ट म्हणजे कुणीतरी दिवाळीच्या आसपास घेतलेला निर्णय असतो.

हा निर्णय उशिरा घेतला तर काय होतं, याचा धडा आपल्या राज्याने त्याच २०२४च्या पावसाळ्यात गिरवला. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत मोफत गणवेश पूर्वी शाळा व्यवस्थापन समित्या आपापल्या गावात, आपापल्या शिंप्याकडून शिवून घेत. राज्याने ते काम वरून एकत्र करायचं ठरवलं. कापड केंद्रीय पातळीवर खरेदी करायचं, ते जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायचं, आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांनी शिवायचं. बायकांच्या हाताला काम, सगळ्यांना एकसारखा गणवेश. कागदावर चांगलंच दिसत होतं. पण चाळीस लाखांहून जास्त मुलांची मापं आणि कापडाचे तागे हे काही फाइलीच्या वेगाने पळत नाहीत. शाळा जूनमध्ये उघडल्या. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला कित्येक मुलं जुन्या किंवा घरच्याच कपड्यांत उभी होती. जिथे गणवेश पोचला तिथेही कुणाला तो घट्ट, कुणाला ढगळ. त्याच डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

मला या प्रकरणात बचत गटांच्या बायकांना दोष द्यावासा वाटत नाही. कापड हातात आल्यावर त्या शिवणार ना. दोष होता कॅलेंडरचा. जूनचा कपडा जूनच्या आगेमागे मार्गी लागेल असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात एकदा तरी कापड दुकानाच्या गादीवर बसावं. ज्या शेठला आपण हावरा म्हणतो, त्याने हे काम असं कधीच केलं नसतं. त्याचे स्वतःचे पैसे त्यात असतात.

आता पैशांवर येऊ. शेठनी मला एक हिशेब घालून दिला. समजा एक रेनकोट ६०० रुपयांना पडतो आणि ९०० ला विकतो. मे महिन्यात शंभर मागवले, ऐंशी गेले, तर २४,००० सुटले. उरलेल्या वीस नगांत १२,००० अडकले. ते वीस ४५० च्या भावाने काढून टाकले तर ३,००० चा फटका, तरी हातात २१,००० राहतात. उलट ऐंशीच मागवले आणि शंभर गिऱ्हाईकं आली, तर वीस माणसं परत गेली आणि ६,००० चा नफाही गेला. म्हणून मेमध्ये तो जास्तच मागवतो. ऑगस्टमध्ये मात्र हेच गणित उलटं फिरतं. तेव्हा माझ्यासारखे चौघे येणार, पण माल सुटा मिळत नाही, डझनाची पेटी घ्यावी लागते. चार विकून १,२०० मिळणार आणि आठ नगांत ४,८०० पुढच्या मेपर्यंत माळ्यावर पडून राहणार. वर उंदीर, बुरशी, घडीवर पडणारी पांढरी रेघ. शिवाय जी भिंत रेनकोटाला द्यायची त्या भिंतीवर आत्ता कुर्ते लागले तर गणपतीपर्यंत रोज दहा जातात. "भिंतीला भाडं लागतं साहेब," शेठ म्हणाले. कुठल्या अर्थशास्त्राच्या मास्तरांनी हे इतकं थोडक्यात सांगितलं नसतं.

मालाला सेट असतो, हेही त्यांनीच सांगितलं. ३८ ते ४६ असा सेट येतो. मधले माप आधी जातात, टोकाचे उरतात. एकदा सेट फुटला की उरलेल्या मालाची किंमत अर्धी होते, कारण दहापैकी आठ गिऱ्हाइकांना त्यातलं काही बसतच नाही. म्हणून माझ्या वाट्याला ४६ आला. तो कुणी मुद्दाम माझ्यासाठी ठेवला नव्हता. कुणालाच नको म्हणून तो उरला होता.

इथपर्यंत मी पूर्णपणे शेठच्या बाजूचा आहे. पण बेगमी मागे सरकत जाते म्हटलं ना, तिच्याबरोबर जोखीमही सरकते, आणि ती नेहमी ज्याचा आवाज कमी त्याच्याकडे सरकते. स्वेटरचं उदाहरण घ्या. देशातल्या लोकरी होजिअरीचं मोठं केंद्र लुधियाना. तिथे थंडीचा माल उन्हाळा-पावसाळ्यात विणला जातो. आपल्या शहरांत दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेला रांगेने स्टॉल लावणारे तिबेटी लोक हा माल बऱ्याच अंशी उधारीवर आणतात. हे काही ल्हासाहून येत नाहीत. कर्नाटकातल्या बायलकुप्पे, मुंडगोडसारख्या निर्वासित वसाहतींतून येतात. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावपाशी नोर्ग्येलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. तीन महिने भाड्याच्या खोलीत राहून माल विकायचा, लुधियानाची उधारी चुकती करायची, आणि लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी परतायचं. या धंद्यात लिखापढीपेक्षा शब्दाला किंमत आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलाय म्हणून उधारी मिळते. पण पुण्यामुंबईची थंडी म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबरात आठ दिवस पारा उतरला नाही, की लोक कपाटातल्या जुन्या स्वेटरवर भागवतात. मॉलमधल्या मोठ्या ब्रँडला तो एक वाईट तिमाही. रस्त्यावरच्या त्या बाईला ते अख्खं वर्ष. लोकरीचा माल ऑक्टोबरात का आला म्हणून तिला हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मोठ्या ब्रँडचं नाव निघालंच आहे तर त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं आहे. शेठ आभाळाकडे बघून लवकर भरतो. ब्रँड आभाळाकडे बघतच नाही. युरोपात 'स्प्रिंग-समर' आणि 'ऑटम-विंटर' असे दोन भाग पडले, ते तसेच आपल्याकडे उतरले. एका ठिकाणी बसून देशभराची खरेदी ठरते, आणि दिल्लीच्या जानेवारीसाठी बेतलेलं जाड जॅकेट मुंबईच्या समुद्रावरच्या मॉलमध्ये ऑक्टोबरात पुतळ्याच्या अंगावर चढतं. पुतळा घामेजत नाही, एवढंच. या कॅलेंडरात पावसाळा नावाचा ऋतूच नाही. चार महिने ज्यावर आपली शेती, लोकल आणि बूट अवलंबून असतात, तो ऋतू त्यांच्या वहीत 'सेल'च्या खणात येतो. जुलैमध्ये बाहेर धो धो पाऊस आणि आत पन्नास टक्के सवलतीत उन्हाळी लिनन.

निर्णय थोडा उशिरा घेता येत नाही असंही नाही. बेनेटॉन या इटालियन कंपनीने फार पूर्वी एक साधी युक्ती केली. आधी रंगवलेल्या सुताचे स्वेटर विणण्याऐवजी काही स्वेटर पांढरेच विणायचे, आणि कुठला रंग खपतोय ते कळल्यावर रंगवायचे. विणायला लागणारा वेळ आधीच घालवलेला असतो, चुकण्याची शक्यता असलेला निर्णय तेवढा शेवटपर्यंत राखून ठेवायचा. झाराने पुढे कापडाच्या बाबतीत असंच काही करून आठवड्यांत नवा माल दुकानात आणायला सुरुवात केली. पण त्या वेगाचा शेवट ऋतूच्या गरजेत झाला नाही, दर पंधरा दिवसांनी नवं काहीतरी दाखवण्यात झाला. भिजलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये ४२ नंबरचा रेनकोट मिळावा, यासाठी कुणी वेग वाढवला नाही.

मग लवकर नाहीसं होण्याचा फटका बसतो कुणाला? मला नाही. मी चिडलो, ४६चा घातला, लेख लिहिला. मेमध्ये नवा रेनकोट न घेण्याची चूक मी आळसाने केली होती, पैसे खिशात होते. पण ज्याचे पैसे रोजच्या रोज येतात आणि रोजच्या रोज जातात, त्या बांधकामावरच्या मजुराने, डिलिव्हरीच्या पोराने, धुणीभांडी करणाऱ्या मावशीने मेमध्ये जूनची बेगमी कशातून करायची? मेमध्ये मुलांच्या वह्यापुस्तकांची चिंता असते. त्यांची खरेदी गरज अंगावर कोसळल्यावरच होते. आणि तेव्हा दुकानात कुर्ते असतात. त्यांच्या हाती पडतो तो नाक्यावरचा पातळ प्लास्टिकचा कोट, जो पंधरवड्यात काखेत फाटतो, मग दुसरा. ऋतू संपेपर्यंत असे तीन कोट होतात आणि तेवढ्यात एक धड रेनकोट आला असता. लवकर संपणाऱ्या सीझनचा हा कर गरीब भरतो, आणि तो कुठल्याही बिलावर दिसत नाही.

'ऑनलाइन मिळतं की,' असं कुणी म्हणेल. मिळतं. परवा मिळतं. आज भिजलेल्या माणसाला परवाचा रेनकोट म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड. आणि तिथेही जुलै उलटल्यावर मधली मापं 'उपलब्ध नाही' अशीच दिसतात, कारण तिथला माल भरणारा माणूसही शेठचाच चुलत भाऊ आहे.

आभाळ बघून धंदा करणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे स्टेशनबाहेरचा फेरीवाला. दादरला उतरून बघा. ऊन असलं की गॉगल. सर आली की दहाव्या मिनिटाला त्याच पाटीवर छत्र्या. त्याच्याकडे माळा नाही, सेट नाही, भिंतीचं भाडं नाही. सकाळी ठोक बाजारातून रोखीने उचललेल्या दहा-वीस नगांवर त्याचा दिवस. सगळ्यांत कमी भांडवलाचा माणूस गिऱ्हाइकाच्या गरजेला सगळ्यांत जवळ आहे, आणि महापालिकेची गाडी आली की पळायलाही त्यालाच लागतं. फेरीवाल्यांवर तावातावाने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना मी सांगतो, ऑगस्टमध्ये एकदा छत्री मोडू दे, मग बोलू.

उपाय विचाराल तर माझ्याकडे मोठी योजना नाही, पण दोन गोष्टी मला पटल्या आहेत. पहिली उधारीची. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हे २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातच आहे. त्याला दात नव्हते. २०२३च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ४३ब मध्ये एक पोटकलम घातलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची रक्कम मुदतीत दिली नाही, तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजावट मिळणार नाही. कापड बाजारात त्यावर हलकल्लोळ झाला, कारण तिथे तीन-तीन, चार-चार महिन्यांची उधारी हीच वहिवाट. व्यापाऱ्यांचं म्हणणं समजतं: एप्रिलात आलेल्या मालाचे पैसे पावसाच्या आधीच द्यायचे कुठून? तरीही मी या नियमाच्या बाजूचा आहे. दुकानाने लवकर माल मागायचा आणि उशिरा पैसे द्यायचे, म्हणजे बेगमी दुकानाची आणि व्याज शिवणाऱ्याचं. ज्याला मेमध्ये भिंत भरायची आहे त्याने ती आपल्या भांडवलावर भरावी. त्यातून कदाचित माल थोडा कमी मागवला जाईल, थोडा नंतर दुसऱ्यांदा मागवला जाईल. तेच तर हवं आहे.

दुसरी गोष्ट आपली, गिऱ्हाइकांची. सीझन लवकर उठतो याला सेलची आपली चटक मोठं कारण आहे. जुलै उजाडला की आपण 'उतरलं असेल आता' म्हणून भाव पाडायला जातो. जो माल उरला तो तोट्यातच जाणार अशी खात्री दुकानदाराला आपणच करून दिली आहे, मग तो ठेवेल कशाला? मी शेठना विचारलं, ऑगस्टमध्ये पूर्ण भावाने रेनकोट घेणारी गिऱ्हाइकं आली तर ठेवाल का? ते हसले. "पूर्ण भाव? साहेब, तुम्ही स्वतः ४६चा अंगात घातल्यावर आधी किंमत विचारलीत आणि मग गप्प उभे राहिलात. मी कमी केली ती उगाच नाही." हे मला आठवत नव्हतं. मगाशी मी लिहिलंय की पैसे त्यांनी न मागता कमी केले. त्यांच्या मते मी मागितले होते, फक्त तोंडाने नाही.

एवढं सगळं समजल्यावर माणसाने शहाणं व्हायला हवं. २०२५चा मे लागला तेव्हा मी ठरवलं, यंदा आधी जायचं. आधी म्हणजे किती आधी? मृग सात जूनला, मुंबईची तारीख अकरा, आपण मेच्या अखेरीस निघालो तर आरामात, असा हिशेब घातला. वीस तारखेपासूनच पुण्यात वळवाने धुमाकूळ घातला, आणि २६ मेला मान्सून मुंबईबरोबर इथेही येऊन ठेपला. मी २७ला संध्याकाळी दुकानात शिरलो. दारात रेनकोट होते, भरपूर होते. पंखा माझ्याकडे वळवत मुलाने विचारलं, साइज?

"बेचाळीस."

त्याने शेठकडे पाहिलं. शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "बेचाळीसचे परवाच गेले हो. अडतीस आहे. नाहीतर..." आणि त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं.